हिरवळीत उगवलेली वेणी

कुरडई | २५ ऑगस्ट, दुपारी १:४०

मंडळी, झाडापानांतलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तुळस, कढीपत्ता आणि दुर्लक्ष करूनही जगणारा मनीप्लांट, एवढीच माझी मजल. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आम्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये भाड्याच्या घरात राहतो. मागे जुनी हिरवळ आहे. हिरवळ म्हणायची आपली पद्धत. निम्मं शेवाळ, खाली पांढरी चुनखडीची जमीन, आणि उन्हाळ्यात सगळं पापडासारखं कडकडीत. घरमालकाच्या एजन्सीचा माणूस दर पंधरा दिवसांनी यंत्र फिरवून जातो. या महिन्यात त्याचं यंत्र बिघडलं, तो आलाच नाही. मी पाठपुरावाही केला नाही, कारण पावसाअभावी गवत वाढलंच नव्हतं.

परवा कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडला. उचलायला वाकले तर गवतात राखाडी-हिरव्या काड्या उभ्या. बहुतेक वितीपेक्षा बुटक्या, काही तर करंगळीएवढ्याच. आधी वाटलं कांद्याच्या जातीचं काही तण असेल. नीट पाहिलं तर काडीभोवती इवली पांढरी फुलं गोल जिन्यासारखी वर चढत गेलेली. शेवटी मुलाचं भिंग आणलं आणि पोटावर आडवी झाले. (शेजारच्या आजींनी कुंपणावरून "बरी आहेस ना गं?" अशा अर्थाचं काहीतरी विचारलं.) एकेक फूल तांदळाच्या दाण्याएवढं, नळीसारखं. अंगावर साखर भुरभुरल्यासारखी चमक. खालची पाकळी आतून हिरवट, कडेला पांढरी झालर. काडीवर बारीक लव. ऊन तापलं की मधासारखा वास येतो, पण नाक टेकवलं तरच.

कोड्यात टाकलं ते पानांनी. काडीच्या बुडाशी हिरवं पान नाही. एकही नाही! पण अगदी खेटून, बोटभर बाजूला, चार-पाच पानांची चपटी चकती जमिनीला चिकटलेली. ती हिचीच की दुसऱ्या कुणाची?

मोजल्या. एक्केचाळीस काड्या आहेत. गुरुवारी गवतवाला येतोय, यंत्र दुरुस्त झालं म्हणे.

बिनकामाचा_बाप्या | २५ ऑगस्ट, दुपारी १:५२

फोटो नाही तर धागा बाद, हा इथला जुना नियम आहे. आणि तुमचा आयडी वाचून वाटलं, उन्हात वाळवणं घातलेली दिसतात.

कुरडई | २५ ऑगस्ट, दुपारी २:०५

फोटो चढत नाहीयेत, बाप्या. नवऱ्याच्या फोनवरून प्रयत्न करते.
(आता चढले. तिसरा धूसर आहे, वारा होता.)

थेम्सकाठ | २५ ऑगस्ट, दुपारी २:३१

कुरडईताई, आधी गवतवाल्याला फोन करा, मग पुढचं वाचा.

केला? बरं. हे ऑर्किड आहे. रानातलं, इथलंच, कुणी लावलेलं नाही. इंग्रजीत ऑटम लेडीज-ट्रेसेस, शास्त्रीय नाव स्पायरँथेस स्पायरॅलिस. ग्रीक नावाचा अर्थ तुम्ही वर्णनात सांगितलाच आहे, पीळदार फूल. ब्रिटनमधली बहुतेक रानऑर्किडं एप्रिल ते जुलैदरम्यान उरकून घेतात. सगळ्यांचे मांडव उतरले की ऑगस्ट-सप्टेंबरात ही येते. इथल्या ऑर्किडांच्या पंगतीतलं हे शेवटचं पान.

मी दर वर्षी या दिवसांत चॉकच्या, म्हणजे मऊ पांढऱ्या चुनखडीच्या, टेकड्यांवर स्वयंसेवकांबरोबर हिची मोजणी करायला जातो. गुडघ्यांवर रांगत मोजावी लागते. पहिलं सापडेपर्यंत अर्धा तास जातो. ते सापडलं की कळतं, आपण आतापर्यंत वीसेक तुडवून आलोय. तुम्हाला मात्र चिमटा पडल्याने दिसली. असो, नशीब एकेकाचं.

सडेफटिंग | २५ ऑगस्ट, दुपारी ४:१८

क्या बात है! ट्रेसेस म्हणजे केसांच्या बटा, वेण्या. म्हणजे तिकडच्या लोकांनाही ऑर्किड बघून वेणीच आठवली. आपल्याकडे ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसाला 'सीतेची वेणी' म्हणतात. पावसाच्या तोंडावर आंब्या-फणसाच्या खोडावरून हातभर लांब गुलाबी-पांढरा गजरा लोंबतो. ती दिमाखाची वेणी, लग्नघरातली. तुमची ही शाळेत जाणाऱ्या पोरीची, तेल लावून करकचून घातलेली दिसते.

मराठी नाव नसणार. 'शरदवेणी' म्हणूया का? या धाग्यापुरतं तरी.

पिंपळपान | २५ ऑगस्ट, दुपारी ४:४०

शरदवेणी मस्त! ऑर्किड झाडावर उगवतं ना पण? जमिनीत कसं?

सडेफटिंग | २५ ऑगस्ट, संध्याकाळी ५:०२

दोन्हीकडे. थंडीत गोठणाऱ्या मुलखात ती जवळपास सगळी जमिनीतच असतात, कारण हिवाळ्यात उघड्या फांदीवर निभाव लागत नाही. सह्याद्रीच्या सड्यांवरची हबेआमरी, म्हणजे हबेनारिया, तीही जमिनीतलीच. पावसात पान, पावसातच फूल, आणि दिवाळीनंतर सगळं गुंडाळून कंद गाढ झोपतो. शरदवेणीचं पान-फुलाचं वेळापत्रक मात्र मला समजलेलं नाही. जुनी_वही ताई आहेत का इथे? त्यांनी आयुष्यभर वनस्पतीशास्त्र शिकवलंय.

जुनी_वही | २५ ऑगस्ट, रात्री ९:२६

आहे, आहे. चष्मा शोधत होते.

कुरडई, तू पानांचं निरीक्षण नोंदवलंस त्याचं कौतुक वाटलं. लोक फुलाचा फोटो काढतात आणि बुडाशी बघत नाहीत. ती चकती हिचीच. पण ती या वर्षीच्या फुलाची नाही, पुढच्या वर्षीच्या फुलाची आहे.

हिचं वर्ष आपल्या कल्पनेच्या उलट चालतं. ऑगस्टमध्ये फुलाची काडी येते. त्याच सुमारास शेजारी नव्या पानांची चकती उघडू लागते. ही पानं हिवाळाभर जमिनीला चिकटून राहतात आणि थंडीतल्या त्या तिरप्या उन्हावर अन्न तयार करतात. इतर झाडं झोपलेली असतात तेव्हा हिची कमाईची वेळ. वसंतात बाकीचं गवत जागं होतं, आणि उन्हाळा सुरू होता होता ही पानं पिवळी पडून नाहीशी होतात. मग महिना-दोन महिने जमिनीवर हिचा मागमूसही नसतो. खाली दोन-तीन जाडसर, गाजराच्या बारक्या पोरांसारख्या गाठी तेवढ्या असतात. त्या साठ्यावर ऑगस्टमध्ये नवी काडी. तुझ्या काडीला जे अन्न मिळालं ते गेल्या हिवाळ्यातल्या पानांनी कमावलेलं. ती पानं आता कुठून दिसणार? काडीवर जे दिसतं ते नुसते खवले, आवरणासारखे गुंडाळलेले.

आता यातूनच एक गोष्ट निघते. पानं जमिनीला चपटी आणि कामाची वेळ हिवाळा. मग शेजारचं गवत घोट्याएवढं जरी उंच राहिलं तरी हिच्यावर सावली पडणार. म्हणून ही आखूड गवतातच राहते: चुनखडीच्या टेकड्यांची चरलेली कुरणं, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्या, कड्यांच्या माथ्यावरचं खुरटं गवत, जुन्या घरांच्या हिरवळी. जमीन हलकी, निचऱ्याची आणि गरीब हवी. खत घातलेल्या जमिनीत हिचं काही चालत नाही.

उद्या लिहिते आणखी, डोळे दमले.

नानाची_टांग | २६ ऑगस्ट, सकाळी ७:११

एक शंका. एकीकडे म्हणता गवतवाल्याला थांबवा, दुसरीकडे म्हणता गवत आखूड हवं. नक्की काय? माझं साधं मत असं की माणसाने हात लावू नये. बाग सोडून द्या, निसर्ग बघून घेईल. इकडे 'नो मो मे' चालतंच की, मे महिन्यात गवत कापू नका म्हणून. मेच कशाला, बाराही महिने करा.

बिनकामाचा_बाप्या | २६ ऑगस्ट, सकाळी ७:४५

नानांच्या घरचं गवत कापायचं राहिलंय आणि त्यांना तात्त्विक पाठिंबा हवाय.

थेम्सकाठ | २६ ऑगस्ट, सकाळी ११:२०

नाना, हात न लावल्यामुळेच ही वेणी कितीतरी टेकड्यांवरून गेली.

दक्षिण इंग्लंडच्या चॉकच्या टेकड्या निसर्गाने तशा ठेवलेल्या नाहीत. सोडून दिल्या तर आधी उंच गवत, मग काटेरी झुडपं, मग रान. शतकानुशतकं मेंढ्यांनी त्या दातांनी भादरून ठेवल्या म्हणून तिथे थाईम, युफ्रेशिया, शरदातली जेन्शन यांसारखी बुटकी रानफुलं आणि ही वेणी नांदली. मेंढ्या नसतील तिथे ससे. विसाव्या शतकात तीन गोष्टी झाल्या. जुनी कुरणं नांगरली गेली. उरलेल्यांवर खत पडलं, त्याने दांडगं गवत माजलं. आणि जिथे हे दोन्ही झालं नाही तिथली मेंढपाळी परवडेनाशी झाली. त्यात १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग ब्रिटनमध्ये आला आणि दोन-तीन वर्षांत बहुतेक ससे मेले. सशांनी कातरून ठेवलेले उतार बघता बघता गुडघाभर झाले. ऑर्किडाला कुणी हात लावला नाही, कुणी उपटलं नाही, तरी ते संपलं, कारण ऊन बंद झालं.

तेव्हा कापणं हा प्रश्नच नाही, कधी कापायचं हा आहे. जुलैअखेरपर्यंत बेलाशक कापा. त्यानंतर थांबा. ऑगस्ट-सप्टेंबरात काडी येते, फुलते, बी पिकतं. बी सांडलं की पुन्हा एकदा कापा आणि कापलेलं गवत उचलून न्या, नाहीतर तेच कुजून खत होतं. पात्याची उंची अगदी खाली आणू नका म्हणजे चकत्या वाचतात. मे महिना सोडून ऑगस्टभर यंत्र चालवणारा माणूस बाकी फुलांचं भलं करेल, या वेणीचं वाटोळं करेल. 'नो मो मे'शी माझं भांडण नाही. पण मे महिन्यात ही बाई पानं आवरून निजायच्या तयारीत असते.

नानाची_टांग | २६ ऑगस्ट, सकाळी ११:५८

म्हणजे गवत कापायचं यंत्र ही आताची मेंढी. पटलं नाही पूर्ण, पण मुद्दा घेतला.

(बाप्या, गवत कालच कापलं.)

पिंपळपान | २६ ऑगस्ट, दुपारी १२:३०

कुरडईताई, एक्केचाळीस आहेत तर एखादी गाठ काढून पाठवाल का हो? नोव्हेंबरात माझी बहीण तिकडून येतेय. गच्चीत चांगली कुंडी आहे, नारळाचा भुसा वगैरे घालून तयारी ठेवते.

जुनी_वही | २६ ऑगस्ट, दुपारी २:१०

नको गं बाळा.

कायद्याचं आधी सांगते. ब्रिटनमध्ये १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्याप्रमाणे जमिनीच्या मालकाच्या किंवा ताबेदाराच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटता येत नाही. शिवाय जगातली झाडून सगळी ऑर्किडं साइट्स करारात, म्हणजे रानजिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत, देशाबाहेर न्यायची तर कागदपत्रं लागतात. बहिणीला विमानतळावर कशाला अडकवतेस?

पण कायदा नसता तरी ती तुझ्या गच्चीत जगली नसती. ऑर्किडाचं बी म्हणजे नुसती धूळ. आपल्या हरभऱ्यात-शेंगदाण्यात कोंबासाठी शिदोरी बांधलेली असते, तशी यात काही नसते. जमिनीतल्या ठरावीक बुरशीचा धागा आत शिरला आणि त्याने अन्न पुरवलं तरच ते रुजतं. मग कित्येक वर्षं जमिनीखालीच वाढतं, बुरशीच्या जिवावर. मोठं झाल्यावरही मुळांत ती बुरशी असतेच. तू गाठ उचलशील, पण तो सगळा संसार कसा उचलशील?

हिची उन्हाळी बहीण होती, स्पायरँथेस एस्टिव्हॅलिस. कुरडईच्या शेजारीच, न्यू फॉरेस्टच्या दलदलीत. दलदली उपसल्या, आणि दुर्मिळ म्हणून संग्राहकांनी उरलीसुरली उपटून नेली. १९५० च्या दशकात ती ब्रिटनमधून कायमची गेली. युरोपात इतरत्र आहे, तिथे नाही.

पिंपळपान | २६ ऑगस्ट, दुपारी २:१८

समजलं ताई. कान पकडले. कुंडीत पुदिना लावते.

कुरडई | २८ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

एजन्सीला फोन झाला, मेलही केला. "नोंद घेतली आहे" असं उत्तर आलं.

आज दोन तास नुसती बघत बसले. एक केसाळ भुंगा आला, बंबलबी. गंमत म्हणजे तो प्रत्येक काडीच्या बुडाकडच्या फुलावर उतरत होता आणि तिथून गोल गोल वर चढत होता. टोकाला पोचला की उडून पुढच्या काडीच्या पुन्हा बुडाशी. मी सात काड्या पाहिल्या, सातही वेळा हेच. तो दमत असेल म्हणून खालून सुरुवात करतो की काय?

जुनी_वही | २८ ऑगस्ट, रात्री १०:०४

कुरडई, तू आज जे पाहिलंस ते तुझ्याच किनाऱ्यावर, पश्चिमेला थोडं पुढे टॉर्कीला, चार्ल्स डार्विनने पाहून ठेवलंय! ऑर्किडांच्या परागीभवनावर त्याचं १८६२ चं पुस्तक आहे, त्यात या फुलाची हकीकत आहे. तेव्हा याला स्पायरँथेस ऑटम्नॅलिस म्हणत. सुमारे अर्धा तास तो बघत बसला. दोन जातींचे मिळून तीन भुंगे आले. त्यातला एक त्याने पकडला आणि त्याच्या सोंडेवर परागांच्या पुड्या चिकटलेल्या पाहिल्या.

आता खालून वर का, ते बघ. काडीवरची खालची फुलं आधी उमलतात, वरची नंतर. म्हणजे कुठल्याही दिवशी खाली जुनी फुलं, वर ताजी. ताज्या फुलात ओठासारखी पाकळी मधल्या खांबाला खेटून असते, वाट अगदी अरुंद. भुंग्याची सोंड जेमतेम आत जाते. तिथे होडीच्या आकाराची एक चिकट तबकडी असते. सोंडेचा धक्का लागला की तिचं आवरण फाटतं, ती सोंडेला चिकटते आणि क्षणात घट्ट होते, परागांच्या पुड्यांसकट. पण वाट इतकी चिंचोळी की आधी कुठून आणलेले पराग या फुलाच्या कुक्षीपर्यंत, म्हणजे पराग घेणाऱ्या भागापर्यंत, पोचू शकत नाहीत. ताजं फूल फक्त देऊ शकतं.

एक-दोन दिवसांनी ओठ आणि खांब एकमेकांपासून दूर होतात, वाट रुंदावते, कुक्षी उघडी पडते. आता हे जुनं फूल घेऊ शकतं.

मग जोड. भुंगा खालून चढतो, टोकाच्या ताज्या फुलांतून पराग सोंडेवर घेतो आणि उडतो. पुढच्या काडीवर पुन्हा बुडाशी, म्हणजे जुन्या, घेणाऱ्या फुलांवर उतरतो. एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाला मिळतात. भुंगा वरून खाली येणारा असता तर आपल्याच काडीवर आपलेच पराग सांडले असते आणि ही सगळी रचना फुकट गेली असती. भुंग्याची सवय आणि फुलाचं वय, दोन्ही एकमेकांत बसलेलं आहे. मी हे वर्गात तीस वर्षं फळ्यावर काढून शिकवलं, प्रत्यक्ष कधी पाहिलं नाही. तू कपडे वाळत घालताना पाहिलंस.

सडेफटिंग | २८ ऑगस्ट, रात्री १०:४०

ताई, दंडवत.

आमच्या हबेआमरीचं गणित निराळं. तिच्या फुलामागे लांबलचक मधाची नळी असते आणि गिऱ्हाईक रात्रीचे लांब सोंडेचे पतंग. तिच्यातल्या लाँगिकॉर्निक्युलाटा या जातीची नळी तर फुलाच्या कितीतरी पट लांब. तिथे सोंड किती लांब त्यावर सौदा. इथे तेवढी लांबी नाही, तर वेळेवर सौदा.

आणि हिरवळीतलं ऑर्किड आपल्याकडेही आहे बरं. झ्यूक्झिन स्ट्रॅट्युमॅटिका. ओलसर गवतात, भाताच्या बांधावर, हिवाळ्यात येतं. वीतभर, पांढरं फूल, पिवळा ओठ. तेही उशिराचंच, पावसाळी मंडळी गेल्यावर. अमेरिकेत फ्लोरिडात १९३६ मध्ये पहिल्यांदा सापडलं आणि मग तिथल्या हिरवळींवर असं पसरलं की लोक त्याला लॉन ऑर्किडच म्हणू लागले. आशियातून गेलेलं पाहुणं, न बोलावता.

बिनकामाचा_बाप्या | २९ ऑगस्ट, सकाळी ८:०२

मी आजवर भुंग्याला वेंधळा समजत होतो. माफी मागतो त्याची.

एक खरा प्रश्न. पीळ उजवा की डावा?

कुरडई | २९ ऑगस्ट, सकाळी ९:१५

बाप्या, तुमच्यामुळे कामाचा पहिला तास गेला. वरून बघून घड्याळाच्या काट्याप्रमाणे ते उजवे धरले. उजवे २२, डावे १६, आणि तिघींना पीळच नाही; सगळी फुलं एका बाजूला, कंगव्याच्या दातांसारखी.

थेम्सकाठ | २९ ऑगस्ट, दुपारी १२:४८

बरोबर, दोन्हीकडचे असतात, आणि पीळ विसरलेल्याही. टेकडीवर आमचा याच्यावरून दर वर्षी वाद होतो, कारण कुणी वरून बघतं, कुणी खालून.

कुरडई | १२ सप्टेंबर, दुपारी ३:२०

कापल्या.

मी बाहेर गेले होते. एजन्सीने नेहमीच्या माणसाऐवजी दुसराच पाठवला, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. नोंद घेतली होती म्हणे. कुठल्या वहीत घेतली देव जाणे. परत आले तर निम्मी हिरवळ साफ. कपड्यांच्या दोरीखालच्या तेवढ्या उरल्या, कारण तिथे मी जुन्या साडीचा काठ फाडून चार काठ्यांना बांधला होता आणि त्याला वाटलं काहीतरी धार्मिक आहे. सतरा राहिल्या. बाकीच्या त्या पिशवीत, गवताबरोबर.

मला रडू आलं, आणि मग रडू आल्याचा राग आला. तीन आठवड्यांपूर्वी मला यांचं नावही माहीत नव्हतं.

पिंपळपान | १२ सप्टेंबर, दुपारी ३:३१

अरेरे. काय हे.

नानाची_टांग | १२ सप्टेंबर, दुपारी ४:००

त्या एजन्सीला माझ्या भाषेत पत्र लिहून हवं असेल तर सांगा. इंग्रजीतही देतो.

थेम्सकाठ | १२ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१५

ताई, वाईट झालं, पण वाटतं तेवढं नाही. गेलं ते या वर्षीचं बी. गाठी जमिनीत आहेत. चकत्या चपट्या असतात, पातं बहुधा वरून गेलं असेल. उद्या बघून सांगा.

बेडफर्डशरमध्ये नॉकिंग हो नावाची टेकडी आहे. तिथे टेरी वेल्स या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९६२ पासून याच जातीचं एकेक रोप खूण करून ठेवलं आणि दर वर्षी त्याच जागी जाऊन नोंदलं: आलं का, फुललं का, नुसती पानं आहेत का. ते काम काही दशकं चाललं. त्याच्या आधी लोक फुलं मोजायचे आणि यंदा कमी दिसली की झाडं मेली म्हणायचे. खुणा केल्यावर कळलं की फूल न येणं म्हणजे मरण नव्हे. एखादं रोप एक वर्ष फुलतं, पुढच्या वर्षी नुसती पानं काढतं. काही तर वर्षभर किंवा अधिक काळ जमिनीवर येतच नाहीत, पानसुद्धा नाही, आणि मग पुन्हा उगवतात. शिवाय बाजूला कोंब फुटून एकाची दोन होतात, त्यामुळे बी नाही म्हणून सगळं संपत नाही.

तुमची हिरवळ आजवर दर पंधरा दिवसांनी कापली जातच होती. किती वर्षं यांनी काडी काढली आणि ती फुलायच्या आत गेली, कुणी मोजलंय? तरीही एक्केचाळीस होत्याच. जुना गडी आहे तो.

कुरडई | १३ सप्टेंबर, सकाळी ८:५०

चकत्या आहेत. दोन-चार पानांचे शेंडे उडालेत, बाकी शाबूत. नवऱ्याने प्रत्येकीजवळ आइस्क्रीमची काडी रोवली. आता मागचं अंगण मांजरांच्या दफनभूमीसारखं दिसतंय, पण असू दे.

कुरडई | २ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

धागा वर काढते, माफ करा. बी सांडून झालं, मीच हाताने गवत कापलं आणि उचललं. आता त्याच जागी लाल, केशरी, पिवळी, मेण लावल्यासारखी चकचकीत अळंबी आलीत. औषध मारावं लागेल का? वेणीला त्रास होईल?

थेम्सकाठ | २ नोव्हेंबर, दुपारी १२:३७

अजिबात मारू नका! त्या वॅक्सकॅप. खत न पडलेल्या, न नांगरलेल्या जुन्या गवतातच येतात. तुमच्या हिरवळीला इतक्या वर्षांत कुणी काही 'सुधारणा' केलेली नाही, याचा हा दाखला. एजन्सीने खत-शेवाळनाशक फवारायचं सुचवलं तर वेणी आणि छत्र्या दोन्ही जातील, तेवढं लेखी घ्या.

कुरडई | २ नोव्हेंबर, दुपारी १:०२

घरमालकांनाच थेट पत्र लिहिलं. वय झालंय त्यांचं. उत्तर आलं, "खतावर पैसे खर्च करणं मला कधीच पटलं नाही." हिरवळीचं रहस्य हेच असावं.

जुनी_वही | २ नोव्हेंबर, रात्री ८:१५

कंजूषपणाचे उपकार. त्यांना माझा नमस्कार सांग.

कुरडई | २४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

मंडळी, कुणी जागं आहे का?

वर्ष झालं. घरमालकांनी लिहून दिलंय: ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरपर्यंत मागे यंत्र नाही. जून-जुलैत अंगण इतकं ओसाड दिसत होतं की मी दोनदा काड्या उपटून टाकायला निघाले होते; आइस्क्रीमच्या, वेणीच्या नव्हे. आठ दिवसांपूर्वी पाऊस झाला. काल संध्याकाळी काही नव्हतं, निदान मला दिसलं नव्हतं. आज सकाळी सतरांपैकी नऊ जणी वर आल्यात. सहा नुसत्या चकत्या होत्या हिवाळ्यात, त्यांचं अजून काही नाही. आणि कापलेल्या भागात, जिथे मी आशा सोडली होती, तिथे चौदा. शिवाय एक कपड्यांच्या दोरीच्या पलीकडे, जिथे गेल्या वर्षी काडी रोवलेली नव्हती. ही नवीन की गेल्या वर्षी झोपलेली, ते तिलाच माहीत.

बिनकामाचा_बाप्या | २४ ऑगस्ट, सकाळी ७:२०

जागा आहे. उजव्या किती?

कुरडई | २४ ऑगस्ट, सकाळी ७:२४

थांबा हो. पोटावर आडवी आहे, दव लागलंय, आणि शेजारच्या आजी या वेळी त्यांचं भिंग घेऊन आल्यात. मोजून झालं की सांगते.